सीटमागची जागा

मी एक जुना पायपंप आहे. लोखंडाचा, दोन नळकांड्यांचा, अंगावर एक गोल काटा आणि मागे लांब रबरी नळी असलेला. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव काही चांगला नाही. मला हेवा वाटतो. अगदी साध्या साध्या गोष्टींचा वाटतो. शेजारी नवा पाना येऊन पडला तरी माझ्या पोटात दुखायला लागतं. मग माझ्या हक्काच्या जागेवर दुसराच कुणी येऊन बसला, तेव्हा माझं काय झालं असेल?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. तिथे सारखा ठोकाठोकीचा आवाज असायचा आणि तेलाचा वास यायचा. माझा पायपट्टा ज्या बाईंनी बसवला, त्यांनी तो दाबून पाहिला, पुन्हा दाबून पाहिला आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा बघ गं, चांगला दणकट झालाय. मेला दाबायला जड आहे, पण हवा भरेल बघ कशी." मेला म्हणाल्या, तरी ते माझं पहिलं कौतुक होतं. मी ते अजून विसरलेलो नाही.

पुढे मी एका दुकानात खिळ्याला लटकून राहिलो. गिऱ्हाईक यायचं, मला हातात घ्यायचं, "फार जड आहे हो," म्हणायचं आणि हलका पंप घेऊन जायचं. मी मनातल्या मनात त्या हलक्या पंपांना शिव्या घालायचो. मग एक दिवस बाबा आले. बाबा म्हणजे माझे मालक. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्याच दिवशी त्यांनी एक जुनी डिझेलची पिकअप गाडी घेतली होती आणि ती दुकानाच्या दारात धडधडत उभी होती. त्यांनी मला उचललं, पायाखाली घेतलं, एकदा दाबलं आणि हसून म्हणाले, "हा पहिलवान आहे. हाच द्या."

त्या दिवसापासून माझं नाव पहिलवान.

बाबांनी गाडीची सीट पुढे ओढली. सीट आणि मागची भिंत यांच्यामध्ये एक अरुंद जागा होती. तिथे आधीपासून जॅक पडलेला होता. बाबांनी त्याला कोपऱ्यात सरकवलं, जुन्या गादीचा एक तुकडा कापून खाली अंथरला आणि त्यावर मला ठेवलं. "प्रवासात आदळायला नको बिचारा," असं आईंना म्हणाले. आई म्हणजे मालकीणबाई. त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी कधी गादी कापली नाहीत ती!" आणि दोघंही हसली. जॅकला मात्र गादी नव्हती. याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

बाबा आणि आई मधमाश्या पाळतात. लाकडी पेट्यांत माश्या असतात आणि जिथे फुलोरा असेल तिथे त्या पेट्या गाडीच्या हौद्यात घालून न्याव्या लागतात. मोहरीचा फुलोरा संपला की सूर्यफुलाकडे, सूर्यफूल संपलं की आणखी कुठे. बहुतेक शेतं नदीकाठची आणि तिथली वाट वाळूची. भरलेली गाडी कडक टायरवर वाळूत गेली की रुतलीच म्हणून समजा. म्हणून वाळू लागायच्या आधी टायरमधली हवा कमी करायची. टायर पसरतो आणि गाडी वाळूवरून सावकाश तरून जाते. पण पुन्हा डांबरी रस्ता लागला की हवा भरलीच पाहिजे. मऊ टायरवर एवढं वजन घेऊन पळालं, तर टायरच्या कडा तापतात आणि फाटतात.

हवा सोडायला कुणीही चालतं, मित्रांनो. काडीनेसुद्धा सुटते. भरायला मीच लागायचो.

डांबर लागलं की बाबा गाडी कडेला घ्यायचे, मला बाहेर काढायचे आणि म्हणायचे, "चल पहिलवान, दम दाखव." त्यांचा उजवा पाय माझ्या पट्ट्यावर पडला की माझ्या अंगात बळ यायचं. खाली, वर, खाली, वर. लेक तेव्हा लहान होती. ती माझ्यापुढे उकिडवी बसून काटा वाचायची आणि ओरडायची, "अजून! बाबा, अजून!" मागे हौद्यात पेट्या असायच्या आणि माश्या त्यांच्या जाळीच्या दाराआड गप्प असायच्या. इंजिन बाबा कधी बंद करायचे नाहीत. इंजिनाच्या एकसारख्या घरघरीने माश्या शांत राहतात, हे सगळ्या मधपाळांना माहीत असतं. गाडी उभी केली आणि इंजिन बंद पडलं की त्या लगेच चुळबुळ करायला लागतात. माझ्या फसफशीची मात्र त्यांना कधी अडचण झाली नाही. दुसरे मधपाळ मला उसना मागायला यायचे. बाबा द्यायचे, पण "जपून हं, माझा पहिलवान आहे तो," असं सांगूनच. मग जॅकचं तोंड पाहण्यासारखं व्हायचं.

अशी बरीच वर्षं गेली. लेक मोठी झाली आणि एका गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये वायरिंगचं काम करायला लागली. बाबांचे केस पिकले. माझा रंग उडाला. आणि हवा भरताना कुठूनतरी कटकट असा आवाज यायला लागला.

मला वाटलं माझी स्प्रिंग गेली. मी घाबरलो. पण बाबांनी मला उलटंपालटं करून पाहिलं, स्प्रिंगला तेल दिलं, तरी आवाज येतच राहिला. तो त्यांच्या गुडघ्यातून येत होता.

एक दिवस ते तिघं डॉक्टरकडून परत येत होते. लेक दवाखान्याबाहेरच थांबली होती. तिने विचारलं, "आई, काय म्हणाले डॉक्टर? बाबा तर काही सांगायचे नाहीत."

"गाडी चालवा म्हणाले," बाबा पटकन म्हणाले.

"आणि पुढचं?" आई म्हणाल्या. "पुढचं मी सांगते. हा पंप बंद म्हणाले. इतकी वर्षं एकाच पायाने एवढे मोठे टायर भरलेत, त्यानेच गुडघा झिजलाय. आता एवढं करून पंप मारलात तर चालायचीसुद्धा पंचाईत होईल, असं तोंडावर सांगितलंय त्यांनी."

"मग मी भरेन," लेक म्हणाली.

"तुझं वर्कशॉप कोण करणार? आणि तुझ्या आईला तो पट्टा अर्धासुद्धा दबत नाही. मदतीला माणूस घेतला की पहिली माशी चावल्याबरोबर तो पळ काढतो. ते जाऊ दे. तुम्ही घाम गाळायचा आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहून बघायचं? मला नाही जमायचं." बाबा पुढे म्हणाले, "नदीपलीकडचा मधपाळ कधीपासून पेट्या मागतोय. या सूर्यफुलाच्या फुलोऱ्यापर्यंत बघू. जमलं तर ठीक, नाहीतर त्याला देऊन टाकू सगळ्या."

मी सीटच्या मागे सगळं ऐकत होतो. गुडघ्याचं ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुसली, ती म्हणजे 'हा पंप बंद'. तळपायाची आग मस्तकात गेली! मला पाय नाहीत, तरी गेली. डॉक्टरला काय कळतं हवा भरण्यातलं?

मग लेक म्हणाली, "बाबा, गाडीतच कॉम्प्रेसर बसवून टाकू. बटण दाबलं की हवा. तुम्ही फक्त नळी लावायची. मग कशाला विकायच्या पेट्या?"

झालं. माझ्या उरावर सवत आणायची बोलणी माझ्या देखत सुरू झाली.

पुढच्या सुट्टीला ती मंडळी दुकानात गेली. लेकीने मलाही आत नेलं आणि काउंटरवर ठेवलं, कारण माझ्या नळीचं तोंड आमच्या टायरना बरोबर बसायचं आणि तसंच तोंड नव्याला हवं होतं. म्हणजे नवरी पसंत करायला निघालेल्या नवऱ्याने पहिल्या बायकोला मापासाठी बरोबर न्यावं, तसं झालं. दुकानदार बोलका होता. एकदा सुरू झाला की त्याला थांबवणं अवघड.

त्याने आधी एक छोटा कॉम्प्रेसर दाखवला. चिमटे बॅटरीला लावायचे, काम झालं की डब्यात ठेवून द्यायचा. दिसायला गोंडस होता. मला तो बघताक्षणीच आवडला नाही. लेक म्हणाली, "बोलणं नको, आमच्याच टायरवर लावून बघू." दारातल्या गाडीची हवा सोडली आणि याला लावला. याने एक टायर कसाबसा भरला, दुसऱ्याला लागला आणि तापून आपोआप बंद पडला. "थोडा गार झाला की परत चालू होतो," दुकानदार म्हणाला. लेक म्हणाली, "तोपर्यंत आमच्या माश्या उकडून मरतील. हे मोटारसायकलला ठीक आहे. आमचे टायर बघा केवढे आहेत." मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

मग त्याने इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा दाखवला. तो मात्र खराच ताकदवान होता, त्याच्यापुढे मी म्हणजे चिलटच. माझा जीव टांगणीला लागला. पण लेकीने बॉनेट उघडलं आणि आत वाकून पाहिलं. "बसवणार कुठे? हात घालायला जागा नाही. शिवाय याला आवळायला वेगळी लोखंडी पट्टी घडवून घ्यावी लागेल आणि हवा भरताना इंजिन रेस करून ठेवावं लागेल."

"माश्या भरलेल्या गाडीत इंजिन रेस?" बाबांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "नको रे बाबा. पुढचा दाखवा."

पुढचा आला तो लाल रंगाचा, विजेवर चालणारा, दोन नळकांड्यांचा. दोन! माझ्यासारखीच! बरोबर हवा साठवायची छोटी टाकी होती. लेकीने त्याला बॅटरीवरून थेट जाड वायर लावली आणि बटण दाबलं. दुकानदाराने त्याचे गुण सांगायला नुकती सुरुवात केली होती, त्याचं वाक्य संपायच्या आत पहिला टायर भरला. सगळे टायर भरले, तरी तो लाल डबा नुसता कोमट झाला होता. बाबांनी त्याच्या अंगावर हात ठेवून पाहिला. ज्या हाताने मला तेल दिलं होतं, त्याच हाताने! "चांगला आहे की," ते म्हणाले. मला त्या क्षणी गंजून मरावंसं वाटलं.

"हाच घेऊ," लेक म्हणाली. "पण कुठे बसवायचा ते आधी ठरवू. बॉनेटखाली नको, डिझेलचं इंजिन, तिथे भाजून निघेल. गाडीच्या खालच्या बाजूला नको, धूळ आणि पाणी जाईल. सीटच्या मागे बसवू. कोरडी जागा आहे, स्वच्छ हवा ओढेल."

सीटच्या मागे. माझ्या जागेवर, माझ्या गादीवर! माझ्या तोंडून हवासुद्धा निघेना.

"तिथे नाही," बाबा म्हणाले. "तिथे पहिलवान आहे."

"बाबा, पहिलवानाला घरी ठेवू की आता. काम संपलं त्याचं."

"इतकी वर्षं तो तिथे आहे. तो तिथेच राहील. याला हौद्यात बसव, पुढच्या कडेला."

लेक घुटमळली. "हौद्यात पेट्या असतात. तिथे हा घरघरणार."

"मग बिघडलं कुठे? लहानपणापासून बघतेस ना? इंजिन चालू असलं की माश्या गप्प. घरघर म्हणजे त्यांची अंगाई. एक इंजिनाची, एक याची. आणखी शांत झोपतील."

कुठलाही मधपाळ असाच बोलला असता, मित्रांनो. दुसऱ्या कुणी विचार केला असता, आवाजाने माश्या बिथरतील. पण घरघरीवरच ज्यांचा जन्म गेला, त्यांना ही शंका येणार कुठून? लेकीलाही ते पटलं. आणि मी? मी काउंटरवर बसल्या बसल्या मोराएवढा फुललो होतो. माझ्यासाठी त्या लाल डब्याला बाहेर काढलं! त्याला उघड्यावर, हौद्याच्या पत्र्यावर बोल्टने आवळून टाकलं! परत येताना मागे त्याच्याकडे बघता येत नव्हतं, तरी मी मनातल्या मनात त्याला वाकुल्या दाखवत होतो. आणि एक गोष्ट रोज मागत होतो. हा बंद पडू दे. पहिल्याच दिवशी तोंडावर पडू दे. तो पडला तर पेट्या विकल्या जातील आणि मग बाबा सकाळी उठून करणार तरी काय, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

फुलोरा आला. पहाटे नदीकाठच्या शेतातून पेट्या उचलून सूर्यफुलाकडे न्यायच्या होत्या. ऊन चढायच्या आत पोचायला हवं होतं. बाबा चालवायला, आई मध्ये, लेक खिडकीशी. बाबांना असं खुशीत गाडीत बसलेलं किती दिवसांनी पाहिलं! शीळ घालत होते. वाळूतून गाडी लीलया बाहेर आली आणि डांबर लागलं. बाबांनी गाडी कडेला घेतली आणि सवयीने त्यांचा हात सीटच्या मागे, माझ्याकडे आला.

"बाबा," लेक हसली, "बटण."

"हो की," म्हणून त्यांनी हात मागे घेतला. मला रडूच कोसळलं असतं.

लेकीने बटण दाबलं. लाल डबा सुरू झाला. त्याच्या थरथरीने सगळा पत्रा वाजायला लागला आणि त्या पत्र्यावरच पेट्या होत्या. टाकी भरली की तो बंद व्हायचा. हवा सोडली की एकदम पुन्हा सुरू. इंजिनाची घरघर एकसारखी असते. याचं मात्र सुरू, बंद, सुरू, बंद. कुणी झोपलेल्या माणसाच्या खाटेला मधूनमधून लाथ मारावी तसं चाललं होतं.

पहिला टायर भरला. दुसरा लागला. तेवढ्यात आई म्हणाल्या, "थांब गं. आवाज ऐक."

पेट्यांमधून एक मोठा, चिडका आवाज येत होता. जाळीच्या आत माश्यांचा थर जमला होता. पेट्या हलून हलून सरकल्या होत्या आणि एकीच्या झाकणाला फट पडली होती. त्या फटीतून माश्या भसाभस बाहेर आल्या. लेक ओरडली. तिच्या कानाला, मानेला, हाताला माश्या चावल्या. बाबांनी तिला ओढून गाडीत ढकललं, बटण बंद केलं आणि दार लावून घेतलं. आईंनी जाळीची टोपी डोक्यावर घेतली, माश्या शांत करायचा धुराचा डबा पेटवला आणि हौद्यावर चढल्या. झाकण दाबून बसवलं. पण चवताळलेल्या माश्यांनी पेट्या आतून तापायला लागल्या होत्या आणि सूर्य वर येत होता.

आणि मी? खरं सांगतो, मी आनंदाने वेडा झालो होतो. पडला! तोंडावर पडला! आता बोलवा मला! बोलवा पहिलवानाला!

बाबांनी बोलावलं. त्यांनी सीट ओढली, मला खाली घेतलं आणि मागच्या टायरपाशी ठेवलं.

"बाबा, नाही!" लेक सुजलेल्या मानेने धावत आली. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? मी भरते."

"तू आधी कानातली नांगी काढ. गाडी अशीच ठेवून माश्या उकडून मरू देऊ का मी? सर बाजूला." आणि त्यांचा उजवा पाय माझ्या पट्ट्यावर पडला.

केवढा तो आनंद! तोच पाय, तेच वजन. खाली, वर, खाली, वर. मी जीव तोडून हवा ढकलत होतो. काटा चढत होता. तो टायर भरला आणि बाबा पुढच्याकडे वळले. तिथे मात्र पाय जड पडायला लागला. कटकट आवाज मोठा होत गेला. मला वाटत होतं, अजून, बाबा, अजून! मग एक वेगळाच आवाज आला आणि माझ्यावरचं वजन एकदम नाहीसं झालं. बाबा रस्त्यावर बसले होते. दोन्ही हातांनी गुडघा धरून बसले होते आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

माझा काटा अर्ध्यावर उभा होता. आणि तेव्हा मला समजलं. त्यांचा गुडघा वयाने गेला नव्हता, वाळूने गेला नव्हता. इतकी वर्षं मी ज्याला प्रेम समजत होतो, त्या दाबण्यानेच तो झिजला होता. त्यांना दुसरं काही मिळालंच नसतं तर गोष्ट वेगळी. पण मिळालं होतं, लाल रंगाचं, कोमट अंगाचं, आणि ते चुकीच्या जागी बसलं होतं. का? तर मला हलवायचं नव्हतं म्हणून.

उरलेली हवा लेकीने भरली. तिला माझ्या पट्ट्यावर दोन्ही पायांनी उभं राहावं लागत होतं. आईंनी ओली फडकी पेट्यांवर टाकली. सूर्यफुलाच्या शेतावर पोचलो तेव्हा झाकण सरकलेल्या पेटीतलं मेण मऊ पडून माश्या त्यात अडकल्या होत्या. आईंनी झाकण उघडून पाहिलं आणि परत लावलं. "ही गेली," एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर बाबांनी पाय स्टुलावर टाकला. मला उतरवून अंगणातल्या कट्ट्यावर ठेवलं होतं, त्यामुळे उघड्या दारातून सगळं दिसत होतं. ते म्हणाले, "त्या नदीपलीकडच्याला निरोप धाड. उद्या येऊन पेट्या बघ म्हणावं. माझ्याच्याने आता होत नाही."

लेक रडवेली झाली. "माझीच चूक झाली, बाबा. मलाच समजायला हवं होतं. पत्र्यावर बसवलेली गोष्ट पत्रा हलवणारच."

"चूक तुझी नाही," आई म्हणाल्या. त्या लेकीच्या सुजलेल्या मानेला लावायला औषध खलत होत्या. त्यांनी वाटी खाली आपटली. "चूक यांची. पहिल्यापासून ती सांगत होती, सीटच्या मागे बसवू. केबिन वेगळी, हौदा वेगळा. तिथला हादरा पेट्यांपर्यंत पोचला नसता. पण नाही! तिथे पहिलवान आहे! तुम्ही पंपाची जागा राखलीत आणि स्वतःची घालवायला निघालात. मला सांगा, तो लोखंडाचा पंप जास्त झाला का तुम्हाला? माझ्यापेक्षा? हिच्यापेक्षा?"

"तसं नाही गं..."

"मग कसं? पेट्या दिल्यावर तुम्ही काय करणार? सकाळी उठून या स्टुलावर बसणार? मला नाही बघवायचं ते. तुम्ही त्या गाडीत बसलेले हवे आहात मला."

 बाबा भिंतीला धरून उठले, लंगडत बाहेर आले आणि माझ्या शेजारी कट्ट्यावर बसले. त्यांनी मला मांडीवर घेतलं. नळीवरची वाळू झटकली, पट्ट्याखालची धूळ पुसली. "रागावू नकोस रे पहिलवान," ते हळूच म्हणाले. मी रागावलो होतोच. पण त्यांच्यावर नाही, त्या डब्यावर.

मग त्यांनी लेकीला हाक मारली. "सीटमागची जागा मोकळी कर."

लेकीने दुसऱ्याच दिवशी काम केलं. लाल डबा हौद्यातून काढला आणि सीटच्या मागे, माझ्या जागेवर, हादरे गिळणाऱ्या जाड रबरी ठोकळ्यांवर बसवला. नळी दरवाज्याखालून बाहेर काढली. बटण दाबायच्या आधी बाबांनी हौद्यात एक भरलेली पेटी ठेवायला लावली आणि तिच्या लाकडाला कान लावून उभे राहिले. इंजिन सुरू होतं. डबा सुरू झाला. बंद झाला. पुन्हा सुरू झाला. बाबा कान लावूनच होते. आई आणि लेक त्यांच्याकडे बघत होत्या.

मीही बघत होतो. इतके दिवस मी काय मागत होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या वेळी मात्र मागताच येईना.

"गप्प आहेत," बाबा म्हणाले. "झोपल्यात सगळ्या." आणि म्हाताऱ्या माणसाने असं ओरडू नये, तसे ते ओरडले, "अगं, झोपल्यात!"

नदीपलीकडचा मधपाळ आला, त्याने चहा घेतला आणि पेट्यांशिवाय परत गेला. गुडघा बरा होईपर्यंत आईंनी गाडी चालवली. आणि एका सकाळी बाबा आपल्या पायांनी चालत गाडीपाशी गेले, दार उघडलं आणि बसले. गाडी फाटकातून बाहेर पडली. मी पडवीतल्या फळीवर होतो. त्यांनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांचं सगळं लक्ष हौद्यातल्या पेट्यांकडे होतं.

मित्रांनो, आम्ही वस्तू आमची कहाणी सांगतो तेव्हा शेवटी जुन्या वस्तूंना जपा म्हणून विनवतो. मीही विनवतो. मला पुसा, स्प्रिंगला तेल द्या, नळीला उन्हात तडकू देऊ नका. हे सगळं मला हवं आहे. पण एखाद्या वस्तूच्या प्रेमापायी तुमच्या घरातलं माणूस स्वतःची हाडं झिजवत असेल, तर आधी त्या माणसाला जपा. वस्तूला उचलून फळीवर ठेवा. तिला वाईट वाटेल, वाटू दे. मला अजून वाटतं.

त्या लाल डब्याचा मला हेवा वाटतो. तो माझ्या जागेवर बसला आहे, म्हणूनच वाटतो. रोज संध्याकाळी गाडी आत येते, बाबा दोन्ही पायांवर खाली उतरतात आणि आईंना हाक मारत घरात जातात. मग केबिनमधून त्या तापलेल्या डब्याचा बारीक टिकटिक आवाज ऐकू येतो आणि माझा जळफळाट होतो. आणि रोज मी मनातल्या मनात एकच मागतो, लाल डब्या, उद्याही नीट चालू हो.